उजव्या चाकाची झीज

पौष सरत आला की माझ्या गोदामातून द्राक्षांची खोकी निघायला लागतात. पुठ्ठ्याचे सपाट गठ्ठे, त्यांना दोरी, दोरीला गाठ आणि गाठीवर माझा डोळा. कारण गठ्ठ्यात पंचवीस खोकी सांगून चोवीस बांधणारा माणूस मी याच हातांनी पकडलेला आहे. सकाळी नऊपर्यंत पत्र्याच्या भिंतीला हात लावला तर बोटं दुखतात. खळीचा आंबूस वास, दमट पुठ्ठ्याचा वास, समोरच्या बागेत मारलेल्या गंधकाचा वास. यंदा या सगळ्यांच्या मागून आणखी एक वास येतो आणि तो कुठूनच येत नसतो. जळलेल्या ब्रेकचा. परवापासून दोनदा मी बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या उजव्या चाकाला हात लावून आले. चाक गार होतं.

गाडी लहान आहे, पांढरी आहे, जुनी घेतलेली आहे. दीड वर्षाची असताना तापात माझ्या उजव्या पायातला जोर गेला. तेव्हापासून तो पाय माझ्याबरोबर येतो, एवढंच. त्याचं काम गाडीत हात करतात. स्टिअरिंगच्या खाली डावीकडे एक लोखंडी दांडा आहे. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. डावा हात त्या दांड्यावर, उजवा हात स्टिअरिंगला बसवलेल्या मुठीवर. गिअर आपोआप पडतात. अशी गाडी शोरूममध्ये मिळत नाही. ही वडाळा नाक्याजवळच्या युसूफभाईंनी करून दिली.

त्या कामाचा भाव ठरवताना मी त्यांच्या गॅरेजातल्या स्टुलावरून पाच वेळा उठले आणि पाच वेळा परत बसले. मी धंद्याला सुरुवात केली ती घरी जमिनीवर बसून, दुसऱ्याच्या खोक्यांना खळ लावत. आज चार गावांचे बागायतदार माझा माल उचलतात. भाव पाडल्याशिवाय घेतलेली वस्तू मला माझी वाटतच नाही. युसूफभाई शेवटी कपाळाचा घाम पुसत म्हणाले होते की ताई, तुमच्यापेक्षा लोखंड वाकवणं सोपं. मी ते कौतुक समजून घेतलं.

ती गाडी पहिल्यांदा गावी नेली तो दिवस मी विसरलेली नाही. आमचं गाव देवळ्याजवळ. मी नाशिकहून एकटी चालवत आले होते, घाट चढून, उतरून. अख्खी आळी गोळा झाली. बायकांनी आत डोकावून दांडा पाहिला, कोणी हळदीकुंकू आणलं. आबा, म्हणजे माझे वडील, गाडीभोवती एक फेरी मारून आले, मागच्या टायरवर चपलेची टाच मारून पाहिली आणि मला विचारलं, "चालवायला कोण ठेवलाय?"

किल्ली माझ्या बोटात होती.

त्याला आता आठ वर्षं होतील. माणसं दागिने जपतात तसं मी ते वाक्य जपलं. मधूनमधून बाहेर काढून पाहायचे, पुसायचे, परत ठेवायचे. आणि ते काही एकटं नव्हतं. आबांनी तीस वर्षं कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून काढली. नामपूरला नाहीतर विंचूरला माल भरायचा आणि कसारा घाट उतरून मुंबईकडे. ट्रक बदलले, ड्रायव्हर बदलले, आबा कायम डावीकडच्या सीटवर. माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, त्यांनी तीनदा ट्रकवर नेलं. तिन्ही वेळा तो इगतपुरीपासून ओकत गेला. मला एकदाही नेलं नाही. पायरी उंच असते, म्हणायचे. कांद्याची गोणी पाठीवर घेणाऱ्या माणसाला सहा वर्षांची पोर उचलून ठेवणं जड जातं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात आबांच्या डाव्या तळपायाला जखम झाली. साखर असलेला माणूस; काटा कधी शिरला हेही त्यांना कळलं नव्हतं. नाशिकच्या डॉक्टरांनी दर बुधवारी पट्टी बदलायला या म्हणून सांगितलं, आणि चुकवलंत तर बोटं काढावी लागतील असं आबांसमोरच सांगितलं. माझ्याकडे राहायला ते तयार नव्हते. रानात कांद्याची लागण चालली होती, आणि बांधावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढायला तिथे माणूस हवा होता.

मी मंगळवारी तशीही देवळा-सटाण्याकडे जाते, डाळिंबवाल्यांच्या ऑर्डरी घ्यायला. मग ठरलं की मंगळवारी गावी मुक्काम करायचा आणि बुधवारी सकाळी आबांना घेऊन नाशिक गाठायचं. दिलीपची पिकअप पहाटेच कांदा भरून बाजाराला जायची. संध्याकाळी रिकामी झाली की तो आबांना परत न्यायचा.

असे ते बुधवार. आबा माझ्या शेजारी, डावीकडे, स्वच्छ टोपी घालून, पाठ सीटला न टेकवता. मांडीवर करडी शाल, तिचा अर्धा पसारा माझ्या बाजूला आलेला. काच चार बोटं उघडी हवी असायची त्यांना, थंडी असली तरी. आतून येणारा बाम आणि तंबाखूचा वास आणि बाहेरून येणारा ओल्या मातीचा. वाफ्यांत बायका ओळीने वाकलेल्या, कांद्याचं रोप टोचत मागे मागे सरकणाऱ्या. चांदवडचे डोंगर आधी निळे, मग राखी, मग नुसतेच दगड. पिंपळगावच्या पुढे बागा सुरू व्हायच्या. उन्हाने रंग जाऊ नये म्हणून घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली, जणू प्रत्येक वेलीवर कोणी पेपर वाचत बसलंय. यातलं आबा काहीच पाहायचे नाहीत. त्यांची नजर काचेतून समोर, रस्त्यावर. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून, असं मी धरून चालले होते. मीही बोलायचे नाही. हट्टाला हट्ट.

पण खरं सांगायचं तर मंगळवारी दुपारपासून मला त्या प्रवासाची ओढ लागायची.

संक्रांतीच्या आठवड्यात दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबवली, तर तिथल्या वॉचमनने सांगितलं की मागच्या चाकातून धूर निघतोय. उजवं चाक इतकं तापलं होतं की जवळ हात नेववेना. डावं नुसतं कोमट. आबांना आत सोडून मी तशीच हळूहळू वडाळा नाक्याला गेले आणि गॅरेजच्या दारातूनच सुरू झाले. तुम्ही हलका माल लावला, भाव पाडला त्याचा सूड घेतला, माझ्या जिवाशी खेळलात, असं बरंच. रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली, तसा माझा आवाज आणखी चढला.

युसूफभाईंनी सगळं ऐकून घेतलं, चाक काढलं, आतला ड्रम काढला. ड्रमच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना लायनर म्हणतात; ब्रेक दाबला की त्या फाकतात आणि ड्रमला घासून चाक अडवतात. उजवीकडची लायनर घासून घासून पत्र्याला आली होती. डावीकडची जवळजवळ नवी. युसूफभाईंनी दोन्ही माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

"भाव तुम्ही तोडला, ताई. लोखंड मी नाही तोडलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दांडा काय करतो, तर फक्त ब्रेकचं पेडल दाबतो. पेडल दाबलं की तेल सगळ्या चाकांकडे सारखं जातं. दांड्याचा दोष असता तर दोन्ही बाजू झिजल्या असत्या. तेलाला डावं-उजवं कळत नाही. त्यांनी तेलाची नळी पाहिली, कुठे गळती नव्हती. नवी लायनर घातली, दोन्ही चाकं सारखी सैल करून हाताने फिरवून दाखवली. मी मान हलवली, पण मनातला संशय तसाच ठेवला.

चार बुधवार गेले आणि तोच वास पुन्हा आला. उजवी बाजू अर्धी संपलेली, डावी तशीच.

या वेळी दिलीपला कळलं. त्याने गावी सगळ्यांसमोर सांगितलं की बास झालं, तो दांडा काढून टाक, गाडी होती तशी करून विकून टाक, आबांना मी पिकअपमध्ये मधल्या जागेवर बसवून नेईन. कांदा खाली होईपर्यंत बसतील बाजारात. तो वाईट नाही. घाबरला होता. पण आबा ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळत राहिले, आणि त्यांचं ते गप्प बसणं मी दिलीपच्या बाजूला मोजलं. दांडा काढला की कुठल्याही गाडीत मी सामानासारखी बसणार. आणि बुधवार जाणार. उभ्या जन्मात माझ्या वडिलांना मी कुठे नेलं असेल तर ते याच बुधवारी. मी दिलीपकडून एक आठवडा मागून घेतला. मागून घ्यायची मला सवय नाही.

युसूफभाईंनी या वेळी गाडी वर उचलली आणि अर्धा तास खाली पडून राहिले. बाहेर आले ते हातात एक केबल घेऊन. दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेक असतो, त्यापासून दोन केबली मागे जातात, एकेका चाकाला एक. डावी केबल आपल्या नळीत गंजून धरून बसली होती. म्हणजे हँडब्रेक कितीही ओढा, लागणार फक्त उजव्या चाकाला. सापडलं, मी म्हणाले. ते म्हणाले, अर्धंच.

"गाडी उभी असताना लायनर नाय घासत, ताई. चाक फिरत असताना कोणी तरी हँडब्रेक ओढतंय."

मी भडकले. माझे दोन्ही हात गुंतलेले असतात, मी कोणत्या हाताने ओढणार, असं विचारलं. आणि ओढला असता तर समोर लाल दिवा लागला नसता का? ते पुढे वाकले, हँडब्रेक वर-खाली करून पाहिला. दिवा लागला नाही. मग खालचं झाकण उघडून ते बराच वेळ आत पाहत राहिले. एक वायर सुटी लोंबत होती. दांड्याची पट्टी बसवताना मीच काढली होती, म्हणाले, परत लावायची राहिली. सात वर्षं राहिली. त्यांनी कान धरला. इतके दिवस मी त्यांची चूक शोधत होते, आणि ती मिळाली ती एवढीशी. त्यांनी दोन्ही केबली नव्या घातल्या, लायनर घातली, वायर जोडली आणि एवढंच म्हणाले की आता दिवा लागेल, मी कोणाचं नाव घेत नाही.

पुढचा बुधवार महाशिवरात्रीच्या आसपासचा. थंडी कमी झाली होती, तरी शाल होतीच. गावातून निघालो. पहिला गतिरोधक आला आणि समोर तो लाल दिवा लागला. गतिरोधक ओलांडला, विझला. मी मान वळवली नाही. पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला, दिवा लागला, विझला. मग भावडबारीचा घाट. उताराची वळणं मी मोजते ती पाच. पहिल्या वळणाला मी दांडा पुढे ढकलायच्या अर्धा क्षण आधी दिवा लागला. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला मी मुद्दाम उशीर केला. दिवा जास्त वेळ राहिला आणि गाडीने मागून कोणी पदर धरावा तसा हलका हिसका दिला. हा हिसका मला ओळखीचा होता. कित्येक बुधवार तो माझ्या अंगाला माहीत होता आणि मी तो गाडीचा स्वभाव समजले होते.

राग आला होता. पायथ्याला चहाची टपरी आहे, तिथे थांबून सगळं एकदम काढायचं, अगदी ट्रकच्या पायरीपासून, असं मी ठरवलं होतं. गाडी थांबवली. आबांच्या मांडीवरची शाल बाजूला केली. हात तिथेच होता. हँडब्रेकवर चार बोटं, अंगठा बटणावर दाबलेला, म्हणजे कटकट आवाज होऊ नये. नखात रानातली माती.

"हे कधीपासून, आबा?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला सांगायचं ना."

"डायवरला सांगत नसतात," आबा म्हणाले. "सांगितलं का त्याचा हात बिचकतो."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्यांच्या जुन्या ट्रकला हँडब्रेकचा दांडा क्लीनरच्या हाताशी होता. कसाऱ्याला माल भरलेली गाडी उतरताना ड्रायव्हरच्या पायात गोळे यायचे. तेव्हा क्लीनरने बोटभर ओढून धरायचं, पायावरचं ओझं थोडं आपल्याकडे घ्यायचं. ड्रायव्हरने मागायचं नाही, क्लीनरने सांगायचं नाही. घाट उतरल्यावर दोघं चहा प्यायचे आणि वेगळंच काही बोलायचे. पुढे चांगल्या गाड्या आल्या, ही रीत गेली, हात राहिला.

"तुझे दोन्ही हात गुतेल. पाय तर..." ते थांबले. "तिसरा हात कोणाचा तरी पायजे का नको?"

मी ओरडले मात्र. ठरवलेलं सगळं नाही, पण ओरडले. डावी केबल गंजली होती, तुम्ही ओढलेलं सगळं एकाच चाकाला जात होतं, हे सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. एका चाकाला ब्रेक लागला की उतारावर गाडी कशी आडवी होते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला, पट्टी सोडून घेताना दवाखान्यात ठेवतात तसा. एकाच चाकाला जात होतं का, असं दोनदा विचारलं.

त्यांचा तो चेहरा बघूनही मी माझं वाक्य बाहेर काढलंच. सात वर्षं जपलेलं. गाडी आणली त्या दिवशी चालवायला कोण ठेवलाय म्हणून विचारलं होतंत, ते का?

आबांना आठवेना. खरंच आठवेना. मी असं म्हणलो का, असं त्यांनी मलाच विचारलं. मग टपरीवाल्याने काचेतून दिलेला चहाचा कप हातात फिरवला.

"म्हणलो असन. तवा तुला चालवताना पाहिलं कुठं होतं?"

हे उत्तर मला पुरलं नाही. अजूनही पुरत नाही. पायरीचंही काही ते बोलले नाहीत. पण आत्ताच त्यांनी मला काय म्हटलं होतं, ते मला तेव्हा, चहा संपल्यावर, उशिरा ऐकू आलं. डायवर. घरात बाई, पोरी, माय, यापलीकडे त्यांनी मला कधी काही म्हटलेलं नाही.

हँडब्रेकला हात लावायचा नाही, मी बजावलं. ते मान्य म्हणाले, फक्त घाटातली वळणं सोडून. मी म्हणाले, एकही नाही. ते पाचवरून चारवर आले. मी जागची हलले नाही. ते म्हणाले, तीन. खालची तीन, तिथे समोरचं दिसत नाही. मी किल्ली लावली. दोन, ते म्हणाले. आयुष्यात मी असे सौदे किती केले असतील. समोरचा दोनवर आला की तो शून्यावर येतोच, हे मला पाठ आहे. फक्त गप्प बसायचं असतं. मी गप्प बसले. टपरीवाला आमच्या तोंडाकडे बघत होता. आबांनी शाल उचलून घडी घातली आणि परत मांडीवर ठेवली, या वेळी फक्त मांडीवर. दोन्ही हात तिच्यावर. मग मीच म्हणाले की एक घ्या. शेवटचं. आणि शालीखालून नाही, मला दिसेल असं.

दिलीपला मी चाकाचं सांगितलं, केबल गंजली होती एवढंच. बाकी त्याला काय करायचंय.

त्यानंतर दर बुधवारी पाचव्या वळणाला दिवा लागायचा. लाल, छोटा, मुगाएवढा. चार वळणं मी माझी घ्यायचे आणि पाचव्याला आम्ही दोघं. आबा आधी टोपी सारखी करायचे, मग हात पुढे करायचे. वळण संपलं की सोडायचे आणि बोलायला लागायचे. हो, बोलायला लागले. कोणत्या मोरीपाशी कोणाचा ट्रक उलटला होता, कोणता ड्रायव्हर घाटात गाणी म्हणायचा, कोणत्या हॉटेलात डाळ पातळ मिळायची. लायनर मी महिन्याने उघडून पाहून घेतली. दोन्हीकडे सारखी झीज, कागदाएवढी. युसूफभाईंनी पैसे घेतले नाहीत, त्यावरही मी भांडले.

होळी झाली. बागा रिकाम्या व्हायला लागल्या, घडांवरचे कागद रस्त्याच्या कडेने उडत होते. जखम भरत आली होती. आता नवी कातडी आली की झालं, एवढ्या बुधवारी शेवटचं या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या सकाळी ऊन लवकर तापलं. शाल घरी राहिली होती. घाट लागला. एक, दोन, तीन, चार. पाचवं वळण समोर आलं आणि मी दिव्याकडे पाहिलं. लागला नाही. वाटलं, वायर पुन्हा सुटली की काय. युसूफभाईंसाठी दोन-तीन शब्द मनात तयारही झाले.

शेजारी आबांची मान खिडकीकडे कलली होती. पहिल्यांदाच पाठ सीटला टेकलेली. टोपी कपाळावर सरकलेली, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणा. झोपले होते. तीस वर्षं घाटात डोळ्याला डोळा न लावलेला माणूस. एवढं भांडून मिळवलेलं वळण, आणि ते त्यांनी तसंच सोडून दिलं होतं.

त्या वळणावर हॉर्न द्यायचा अशी पाटी आहे. मी गाडी पार हळू केली, समोरून काही येत नाही हे नीट पाहून घेतलं, आणि हॉर्न न देता ते वळण उतरले.